एकच सर्व्हर, पण ओळी चाळीस: मॉनिटरिंग टूलमधील थ्रेड आणि प्रोसेस यांचा हिशेब कसा जुळवावा

लिनक्सवरील डेटाबेस किंवा वेब सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे एक तक्रार ठरावीक काळाने पुन्हा येते, फक्त दर वेळी तिचे रूप वेगळे असते. (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम आणि थ्रेड म्हणजे त्याच्या आत चालणारा कामाचा एक धागा.) कधी एचटॉप या मॉनिटरिंग टूलमध्ये मायएसक्यूएलच्या चाळीसेक ‘प्रोसेस’ दिसतात आणि प्रत्येकीपुढे दीड जीबी मेमरी लिहिलेली असते. कधी पीएस कमांडच्या यादीत सर्व्हरची एकच ओळ असते, पण लोड अ‍ॅव्हरेज साठच्या वर (म्हणजे सरासरी साठहून अधिक कामे चालू किंवा खोळंबलेली) गेलेले असते. कधी जावाचा सर्व्हर नवा थ्रेड तयार करता येत नसल्याचे सांगून कोलमडतो आणि मोजून पाहावे तर यंत्रावर जेमतेम दोनशे प्रोसेस निघतात. अशा वेळी सर्व्हर रीस्टार्ट केला जातो, आकडे काही काळ खाली येतात आणि प्रश्न सुटल्यासारखे वाटते. पंधरवड्याने तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो, कारण आकड्याचा अर्थ कोणी तपासलेलाच नसतो.

प्रत्येक टूल आपापल्या परीने बरोबरच सांगत असते. मात्र एक ओळ म्हणजे काय, हे प्रत्येक टूल वेगळे ठरवते आणि ते ठळकपणे कुठे लिहीत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की, कोणताही आकडा वाचण्यापूर्वी ‘ही ओळ कशाची आहे’ हा प्रश्न आधी सोडवावा आणि त्यानंतरच मेमरी, सीपीयू किंवा मर्यादा यांच्याकडे वळावे.

पहिली तपासणी: ओळ थ्रेडची की प्रोसेसची

समजा, चार जीबी मेमरीच्या एका यंत्रावर एचटॉप उघडले आणि ‘मायएसक्यूएलडी’ या नावाच्या ३८ ओळी दिसल्या. प्रत्येक ओळीच्या ‘रेस’ (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली मेमरी) या रकान्यात १.४ जीबी आहे. गुणाकार केला तर सुमारे ५३ जीबी होतात, आणि यंत्रात तर चारच जीबी आहेत. स्वॅपही (रॅम कमी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरील जागा) वापरलेला नाही. म्हणजे या ३८ ओळींची बेरीज करणेच चुकीचे आहे, हे अंकगणितावरूनच सिद्ध होते. एचटॉप मूळ मांडणीतच प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र ओळ देते. या ओळींचा रंग मुख्य प्रोसेसच्या ओळीपेक्षा वेगळा असतो, पण तो फरक घाईत डोळ्यांत भरत नाही. आता कीबोर्डवर कॅपिटल एच दाबावे. ३७ ओळी नाहीशा होतील आणि एकच उरेल.

टॉप या जुन्या टूलमध्ये नेमके उलटे आहे. तेथे सुरुवातीला एका प्रोसेसची एकच ओळ असते आणि कॅपिटल एच दाबले की तिचे थ्रेड सुटे होऊन दिसू लागतात. अक्षर तेच, काम मात्र विरुद्ध. एकाने टॉप लावून ‘एकच आहे’ म्हणावे आणि शेजारच्या खुर्चीवरील सहकाऱ्याने एचटॉप लावून ‘अडतीस आहेत’ म्हणावे, असा वाद यातूनच होतो. पीएस कमांड थ्रेड लपवते. तिला ‘ई’, ‘कॅपिटल एल’ आणि ‘एफ’ हे पर्याय एकत्र दिले की थ्रेड दिसतात आणि दोन नवे रकाने येतात: ‘एलडब्ल्यूपी’ म्हणजे त्या थ्रेडचा क्रमांक आणि ‘एनएलडब्ल्यूपी’ म्हणजे त्या प्रोसेसमधील एकूण थ्रेड. पीएसच्या ‘स्टॅट’ रकान्यात अवस्थेच्या अक्षरांमध्ये लहान एल दिसला, तर ती प्रोसेस अनेक थ्रेडची आहे असे समजावे. पीएसट्री मात्र याबाबत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ते थ्रेडची नावे महिरपी कंसात छापते आणि सारखी नावे एकत्र करून त्यांच्यापुढे संख्या लिहिते.

टूलवर विसंबायचे नसेल तर थेट कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) विचारता येते. प्रॉक या डिरेक्टरीत त्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ‘स्टेटस’ नावाची फाइल असते. तिच्यातील ‘टीजीआयडी’ आणि ‘पीआयडी’ हे दोन आकडे सारखे असतील तर तो क्रमांक प्रोसेसचा आहे, म्हणजेच तिच्या मुख्य थ्रेडचा आहे. आकडे वेगळे असतील तर तो क्रमांक आतल्या एखाद्या थ्रेडचा आहे आणि टीजीआयडी हा त्याच्या प्रोसेसचा क्रमांक आहे. त्याच फाइलमध्ये ‘थ्रेड्स’ या नावाने एकूण संख्याही मिळते.

येथे एक बारकावा अनेकांना चकवतो. प्रॉक डिरेक्टरीची यादी काढली तर तिच्यात थ्रेडच्या क्रमांकाचे फोल्डर दिसत नाहीत, पण तो क्रमांक माहीत असेल आणि थेट त्या मार्गाने आत गेले, तर फोल्डर उघडतो. त्यामुळे लॉगमध्ये ४१२७ हा क्रमांक सापडतो, पीएसच्या साध्या यादीत तो नसतो, तरीही त्याला सिग्नल (थांबण्यासारखा आदेश) पाठवला तर तो पोहोचतो. ही ‘अदृश्य प्रोसेस’ नाही आणि घुसखोरीचे लक्षणही नाही. यादीतून पाहायचेच असेल तर मुख्य प्रोसेसच्या फोल्डरमधील ‘टास्क’ हा उपफोल्डर उघडावा. तेथे सर्व थ्रेड ओळीने सापडतात.

हे असे का आहे

लिनक्सच्या कर्नलच्या दृष्टीने थ्रेड आणि प्रोसेस या दोन निराळ्या जाती नाहीत. दोन्हींसाठी कर्नल ‘टास्क’ नावाची एकच नोंद ठेवते आणि सीपीयूचे वाटपही टास्कनुसार करते. नवा टास्क तयार करणाऱ्या ‘क्लोन’ या सिस्टिम कॉलमध्ये काय सामाईक ठेवायचे ते सांगितलेले असते: मेमरी सामाईक, उघडलेल्या फाइल सामाईक, सिग्नलची व्यवस्था सामाईक आणि थ्रेड-गटही तोच. हे सगळे सामाईक असेल तर त्याला आपण थ्रेड म्हणतो. प्रत्येक टास्कला स्वतःचा क्रमांक मिळतो, पण प्रोग्रॅमने आपला पीआयडी विचारला की कर्नल गटाचा क्रमांक देते. सर्व थ्रेडना एकच पीआयडी मिळाल्याचा भास त्यातून होतो.

पूर्वी ही सोयही नव्हती. २.६ च्या आधीच्या कर्नलवर ‘लिनक्सथ्रेड्स’ ही लायब्ररी वापरात होती आणि तिच्यात प्रत्येक थ्रेडचा पीआयडी खरोखरच वेगळा असे. मायएसक्यूएलला शंभर जोडण्या आल्या की पीएसमध्ये शंभराहून अधिक ओळी उमटत आणि प्रत्येक ओळीपुढे पूर्ण मेमरी लिहिलेली असे. उलरिश ड्रेपर आणि इंगो मोलनार यांनी घडवलेली एनपीटीएल ही लायब्ररी २००३ मध्ये रेड हॅट लिनक्स ९ बरोबर आली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये २.६ कर्नल प्रसिद्ध झाले आणि हे चित्र बदलले. हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. त्या काळात लिहिलेल्या सूचना आणि स्क्रिप्ट आजही एकमेकांना दिल्या जातात. पीएसच्या ओळी मोजून जोडण्यांची संख्या काढणारी स्क्रिप्ट आजच्या मायएसक्यूएलवर कायम ‘एक’ असे उत्तर देईल, आणि कोणाला संशयही येणार नाही.

सर्व्हरची घडण आधी माहीत हवी

ओळ कशाची आहे हे कळले, तरी ती असायला हवी की नको हे सर्व्हरच्या घडणीवर ठरते. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी यांची एकच प्रोसेस असते आणि नेहमीच्या मांडणीत प्रत्येक जोडणीला एक थ्रेड मिळतो. पण थ्रेड म्हणजे जोडण्या असे समीकरण मांडू नये. मायएसक्यूएल ८.० मध्ये एकही जोडणी नसताना इनोडीबीचे (मायएसक्यूएलमधील डेटा साठवणाऱ्या भागाचे) वाचनाचे चार, लेखनाचे चार आणि जुन्या नोंदी साफ करणारे चार थ्रेड मूळ मांडणीतच असतात, शिवाय इतरही पार्श्वभूमीवर चालू असतात. उलट बाजूने, जोडणी तुटल्यावर तिचा थ्रेड पुढच्या जोडणीसाठी राखून ठेवला जातो, त्यामुळे गर्दी ओसरली तरी ओळी लगेच कमी होत नाहीत. जोडण्या मोजायच्या असतील तर सर्व्हरच्या स्वतःच्या स्टेटसमधील ‘थ्रेड्स कनेक्टेड’ आणि ‘थ्रेड्स रनिंग’ हेच आकडे ग्राह्य धरावेत.

पोस्टग्रेसक्यूएलची घडण याच्या विरुद्ध आहे. तेथे प्रत्येक जोडणीसाठी खरी, स्वतंत्र प्रोसेस तयार होते. एचटॉपमध्ये कॅपिटल एच कितीही वेळा दाबले तरी त्या ओळी जाणार नाहीत, कारण त्या थ्रेडच्या नाहीतच. बदल्यात पोस्टग्रेस एक फार मोठी सोय देते: प्रत्येक प्रोसेस आपल्या शीर्षकात वापरकर्ता, डेटाबेस, कुठून जोडली आहे तो पत्ता आणि सध्याची अवस्था लिहिते. पीएसमध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (व्यवहार अर्धवट ठेवून थांबलेली जोडणी) अशी शीर्षके रांगेने दिसली, तर डेटाबेसमध्ये न शिरताच अ‍ॅप्लिकेशनचा दोष ओळखता येतो. सर्व डेटाबेसनी असे करावे, असे मला मनापासून वाटते.

ओरॅकल डेटाबेसमध्ये तर एकच उत्पादन दोन रूपांत भेटते. युनिक्स आणि लिनक्सवर त्याची पार्श्वभूमीची कामे निरनिराळ्या प्रोसेस करतात, तर विंडोजवर तीच कामे एका प्रोसेसमधील थ्रेड करतात. अपाचीचा प्रीफोर्क प्रकार प्रोसेसचा आहे. वर्कर आणि इव्हेंट हे प्रकार मिश्र आहेत, म्हणजे काही प्रोसेस आणि प्रत्येकीत मूळ मांडणीनुसार २५ काम करणारे थ्रेड. एनजिनएक्समध्ये एक मुख्य आणि मोजक्या वर्कर प्रोसेस असतात, आणि हजारो जोडण्या आल्या तरी ओळी वाढत नाहीत. तेथे ओळींवरून गर्दीचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

रेडिसचे उदाहरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ‘रेडिस एकाच थ्रेडवर चालते’ हे सर्वांनी ऐकलेले असते, त्यामुळे एचटॉपमध्ये त्याच्या चार-पाच ओळी दिसल्या की शंका येते. कमांड एकच थ्रेड चालवतो हे खरे आहे, पण फाइल बंद करणे, डिस्कवर पक्के लिहिणे आणि मोठी मेमरी मोकळी करणे या कामांसाठी पार्श्वभूमीवर वेगळे थ्रेड असतात आणि त्यांची नावे ‘बीआयओ’ या अक्षरांनी सुरू होतात. एचटॉपच्या सेटिंगमध्ये थ्रेडची स्वतःची नावे दाखवण्याचा पर्याय निवडला की ती वाचता येतात. याखेरीज, स्नॅपशॉट घेताना रेडिस स्वतःची प्रत काढते आणि थोडा वेळ खरीखुरी दुसरी प्रोसेस दिसते, जिच्या शीर्षकात ‘बीजीसेव्ह’ असते. मूळ प्रोसेसचे सहा जीबी असतील तर हिच्यापुढेही सुमारे तेवढेच दिसतात. प्रत्यक्षात दोघींची पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) सामाईक असतात आणि स्नॅपशॉट चालू असताना जेवढी पाने बदलली जातील तेवढीच नव्याने लागतात. मेमरीचा अलार्म दर तासाला ठरावीक मिनिटाला वाजत असेल, तर सर्वप्रथम स्नॅपशॉटचे वेळापत्रक पाहावे.

मेमरीची बेरीज

मेमरी ही प्रोसेसची असते, थ्रेडची नाही. थ्रेडच्या ओळीपुढे जी मेमरी दिसते ती संपूर्ण प्रोसेसचीच असते. एका घराचे सातशे चौरस फूट घरातील प्रत्येक माणसाच्या नावापुढे लिहावेत, तसे हे आहे. त्यामुळे थ्रेडच्या ओळींची बेरीज कधीही करू नये.

पोस्टग्रेस किंवा ओरॅकलसारख्या अनेक प्रोसेसच्या सर्व्हरमध्ये ओळी खऱ्या असल्या तरी बेरीज तेथेही फसते, कारण ‘रेस’ या आकड्यात सामाईक मेमरीही धरलेली असते. समजा, पोस्टग्रेसच्या ६० प्रोसेस आहेत, प्रत्येकीने १८०० एमबी सामाईक बफरला स्पर्श केला आहे आणि प्रत्येकीची खासगी मेमरी १२ एमबी आहे. टॉपमध्ये प्रत्येकीपुढे १८१२ एमबी दिसतील आणि बेरीज १०८ जीबींच्या वर जाईल. खरा वापर मात्र १८०० अधिक ६० गुणिले १२, म्हणजे २५२० एमबी, इतकाच आहे. झटपट अंदाजासाठी टॉपमधील ‘रेस’मधून ‘एसएचआर’ (सामाईक मेमरी) वजा करावे. काटेकोर आकडा हवा असेल तर ‘पीएसएस’ पाहावे, ज्यात सामाईक पान जितक्या प्रोसेस वापरतात तितके भाग करून प्रत्येकीला एक भाग दिला जातो. वरील उदाहरणात तो प्रत्येकी ३० अधिक १२, म्हणजे ४२ एमबी येतो, आणि या आकड्याची बेरीज निर्धास्तपणे करता येते. कर्नल ४.१४ पासून प्रॉकमधील ‘एसमॅप्स रोलअप’ या फाइलमध्ये तो तयार मिळतो. दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेसची ही फाइल वाचण्यासाठी रूटचे अधिकार लागतात, आणि मोठ्या प्रोसेसवर ती दर सेकंदाला वाचत बसू नये, कारण ते वाचन कर्नललाही फुकट पडत नाही. डेटाबेसला ह्यूज पेजेस (मेमरीची मोठी पाने) दिलेली असतील तर ती पाने ‘रेस’मध्ये मोजलीच जात नाहीत, तेव्हा आकडा अचानक घटलेला दिसला, म्हणून सर्व्हर कमी मेमरीत भागवू लागला असे मानू नये.

‘व्हर्ट’ (राखलेल्या पत्त्यांचा एकूण आकार) या रकान्यावरून घाबरून जाण्याचे कारण जवळजवळ कधीच नसते. प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी सहसा आठ एमबी पत्ते राखले जातात, म्हणजे २०० थ्रेडना १६०० एमबी. शिवाय ६४-बिट यंत्रावर जीलिबसी ही लायब्ररी थ्रेडसाठी मेमरीचे वेगवेगळे साठे उघडते, त्यांतील प्रत्येकासाठी ६४ एमबी पत्ते राखते आणि असे साठे कोअरच्या आठपटीपर्यंत असू शकतात. हे सगळे राखीव पत्ते आहेत, वापरलेली मेमरी नव्हे.

सीपीयू आणि लोड अ‍ॅव्हरेज

मेमरीसाठी थ्रेड एकत्र करावे लागतात, सीपीयूसाठी मात्र ते सुटे करावे लागतात. आठ कोअरच्या यंत्रावर जावाची प्रोसेस टॉपमध्ये ७८५ टक्के दाखवते तेव्हा तो आकडा एका कोअरला शंभर धरून आलेला असतो. कॅपिटल आय दाबले की तोच आकडा एकूण कोअरने भागून दाखवला जातो. अधिक फसवी स्थिती ही की, एकूण यंत्र बारा टक्केच व्यग्र दिसते, आलेखावर सर्व काही शांत असते आणि वापरकर्ते मात्र संथपणाची तक्रार करतात. थ्रेड सुटे केले की एकच थ्रेड शंभर टक्क्यांवर अडकलेला आढळतो. आणखी कोअर विकत घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

पीएसमधील सीपीयूची टक्केवारी या कामासाठी वापरू नये. ती प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. दहा दिवस निवांत असलेला सर्व्हर गेली पाच मिनिटे एक कोअर पूर्ण वापरत असेल, तरी पीएसमध्ये शून्याच्या आसपासच आकडा येतो. स्क्रिप्टमधून टॉप चालवत असाल तर पहिल्या फेरीचे आकडे टाकून द्यावेत आणि दुसऱ्या फेरीचे घ्यावेत. सिसस्टॅट पॅकेजमधील पिडस्टॅट ही कमांड ‘टी’ या पर्यायासह, ठरावीक सेकंदांच्या अंतराने चालवणे हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो, कारण तिच्यात प्रोसेसचा आणि थ्रेडचा क्रमांक वेगवेगळ्या रकान्यांत येतो आणि नंतर पाहण्यासाठी फाइलमध्ये साठवताही येतो.

लोड अ‍ॅव्हरेज टास्क मोजते, म्हणजेच थ्रेड मोजते. एका प्रोसेसचे साठ थ्रेड डिस्कच्या प्रतीक्षेत अडकले, तर लोड साठवर जाते आणि सीपीयू रिकामा राहतो. लिनक्समध्ये १९९३ पासून अशा, ‘डी’ अवस्थेत खोळंबलेल्या टास्कही लोडमध्ये धरल्या जातात. म्हणून थ्रेडसह पीएस चालवून ‘डी’ अवस्थेतील ओळी वेगळ्या काढाव्यात. नेटवर्कवरील फाइल सिस्टिम बंद पडली असेल तर तेथेच ती उघडकीस येते.

दोषी थ्रेडपर्यंत पोहोचणे, आणि त्याला न मारणे

मायएसक्यूएलमध्ये टॉपने ४१२७ हा थ्रेड सीपीयू खात असल्याचे दाखवले, तर पुढचे उत्तर परफॉर्मन्स स्कीमामधील ‘थ्रेड्स’ या टेबलमध्ये असते. ५.७ पासून या टेबलमध्ये ऑपरेटिंग सिस्टिममधील थ्रेडचा क्रमांक असा एक रकाना आहे. त्यात ४१२७ शोधले की त्याच ओळीत प्रोसेसलिस्टमधील क्रमांक, वापरकर्ता आणि चालू क्वेरी मिळते. समजा, तो क्रमांक ९१८ निघाला. मग मायएसक्यूएलच्या आत ९१८ ची क्वेरी थांबवावी. हा ९१८ बाहेर, शेलमध्ये कधीही वापरू नये. तेथे तो कोणत्याही दुसऱ्या प्रोसेसचा असू शकतो.

जावासाठी जेस्टॅक ही, चालू थ्रेडची यादी देणारी, कमांड वापरतात. टॉप थ्रेडचा क्रमांक दशमान पद्धतीत देते, तर जेस्टॅकच्या जुन्या आवृत्त्यांत ‘एनआयडी’ हा आकडा षोडशमान पद्धतीत असतो. म्हणजे टॉपमधील २१८३४ तेथे ५५४ए असा शोधावा लागतो. नव्या आवृत्त्यांत तो दशमानच असतो, तेव्हा रूपांतर करण्यापूर्वी फाइल एकदा डोळ्यांखालून घालावी. सापडलेला थ्रेड गार्बेज कलेक्शनचा (न लागणारी मेमरी मोकळी करणारा) निघाला, तर शोध कोडमध्ये न करता हीपच्या (जावाच्या मेमरीसाठ्याच्या) आकारापासून सुरू करावा. थ्रेडची नावे कर्नल पंधरा अक्षरांपर्यंतच साठवते, त्यामुळे लांब नावांचे अनेक थ्रेड टॉपमध्ये एकसारखेच दिसू शकतात. अशा वेळी नावाऐवजी क्रमांकावर विसंबावे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. एचटॉपमध्ये थ्रेडच्या ओळीवर उभे राहून एफ९ दाबले आणि किल पाठवले, तर तो एकटा थ्रेड मरत नाही. संपूर्ण प्रोसेस, म्हणजे संपूर्ण डेटाबेस बंद पडतो. मारून टाकणारा सिग्नल लिनक्समध्ये थ्रेड-गटाला लागू होतो. चाळीस ‘प्रोसेस’पैकी एक कमी करण्याच्या हेतूने चालू डेटाबेस पाडला जाण्याचा धोका येथेच असतो. पोस्टग्रेसमध्ये ओळ खऱ्या प्रोसेसची असते, तरीही तिच्यावर किलचा नऊ क्रमांकाचा सिग्नल वापरू नये. एक प्रोसेस अशी अचानक गेली की सामाईक मेमरी बिघडली असण्याच्या शक्यतेमुळे मुख्य प्रोसेस उरलेल्या सर्व जोडण्या तोडते आणि रिकव्हरी करून पुन्हा सुरू होते. त्याऐवजी पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये तोच पीआयडी शोधावा, जो येथे ऑपरेटिंग सिस्टिममधील पीआयडीशी तंतोतंत जुळतो, आणि पीजी टर्मिनेट बॅकएंड हे फंक्शन वापरावे.

‘नवा थ्रेड तयार करता येत नाही’

या एरर संदेशात जावा मेमरी संपल्याचा उल्लेख करते, त्यामुळे पहिला संशय रॅमवर जातो आणि हीप वाढवला जातो. हीप वाढवल्याने थ्रेडच्या स्टॅकसाठी उरणारी जागा आणखी घटते, आणि मूळ कारण बहुधा तसेच राहते. ते कारण सहसा मर्यादेचे असते. ‘यूलिमिट’ या मर्यादा दाखवणाऱ्या कमांडमधील ‘यू’ या पर्यायाचे नाव प्रोसेसचे आहे, पण प्रत्यक्षात ती मर्यादा त्या वापरकर्त्याचे सर्व थ्रेड मोजते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ च्या मूळ मांडणीत साध्या वापरकर्त्यांसाठी ती ४०९६ होती. एकाच वापरकर्त्याच्या नावाने पाच-सहा जावा सर्व्हर चालत असतील तर प्रोसेस सहाच दिसतात आणि मर्यादा भरलेली असते.

सर्व्हर सिस्टिमडीतर्फे (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या व्यवस्थेतर्फे) सुरू होत असेल तर लिमिट्स कॉन्फ या फाइलमध्ये केलेला बदल त्याला लागूच होत नाही. तो सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये करावा लागतो. शिवाय सिस्टिमडी ‘टास्क्स मॅक्स’ अशी स्वतःची मर्यादाही घालते. सिस्टिमसीटीएलने सर्व्हिसचे स्टेटस पाहिले की ‘टास्क्स’ या ओळीत चालू संख्या आणि कंसात मर्यादा दिसते, आणि या संख्येत थ्रेड धरलेले असतात. चालू प्रोसेसला खरोखर कोणती मर्यादा लागू आहे, हे प्रॉकमधील तिच्या ‘लिमिट्स’ या फाइलमध्ये पाहावे. शेलमध्ये यूलिमिट चालवून मिळणारे उत्तर त्या शेलचे असते, सर्व्हरचे नव्हे.

डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या टूलमध्ये) ‘डॉकर स्टॅट्स’च्या शेवटच्या रकान्याचे नाव पीआयडीएस असले तरी त्यातही थ्रेड मोजलेले असतात. कंटेनरच्या आत एक असलेला पीआयडी बाहेरच्या यंत्रावर पूर्णपणे वेगळा असतो; दोन्हींची सांगड स्टेटस फाइलमधील ‘एनएसपीआयडी’ या ओळीत मिळते, जिच्यात बाहेरचा आणि आतला असे दोन्ही आकडे शेजारी लिहिलेले असतात.

दोन चमत्कारिक प्रसंग

पीएसमध्ये सर्व्हरपुढे ‘डिफंक्ट’ लिहिलेले आहे आणि तरीही तो विनंत्यांना उत्तरे देत आहे, असे क्वचित आढळते. मुख्य थ्रेडने स्वतःपुरते काम संपवले आणि उरलेले थ्रेड चालू राहिले, तर प्रोसेसची ओळ झोंबीसारखी (संपलेल्या, पण यादीत उरलेल्या प्रोसेससारखी) दिसते. टास्क फोल्डरमध्ये जिवंत थ्रेड सापडले, की ही खरी झोंबी नाही हे स्पष्ट होते. झोंबींची संख्या पाहून अलार्म देणाऱ्या टूलमध्ये अशा सर्व्हरला अपवाद करून ठेवावा.

विंडोजवर टास्क मॅनेजर थ्रेडना ओळी देत नाही. डिटेल्स टॅबमध्ये ‘थ्रेड्स’ हा रकाना स्वतः जोडावा लागतो. तेथील टक्केवारी संपूर्ण यंत्राला शंभर धरून असते, त्यामुळे आठ तार्किक कोअरच्या यंत्रावर अडकलेला एक थ्रेड १२.५ टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि कोणाच्या नजरेत येत नाही. आठ कोअरवर साडेबारा, सोळावर सव्वासहा, असा आकडा तासन्‌तास स्थिर राहिला तर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये त्या प्रोसेसचे थ्रेड उघडून पाहावेत. अलार्म लावतानाही हाच आकडा उपयोगी पडतो: एकूण सीपीयू नव्वद टक्के होण्याची वाट न पाहता, एखादी प्रोसेस एका कोअरइतका सीपीयू पंधरा मिनिटे सलग वापरत असेल तर सूचना यावी, आणि तिच्यासोबतच त्या क्षणाची थ्रेडनिहाय यादी आपोआप फाइलमध्ये साठवली जावी, म्हणजे रीस्टार्ट करण्याची वेळ आलीच तरी तपासासाठी काहीतरी हाती उरते.